ऑयस्टर प्लांटच्या जुन्या हर्बेरियम नोंदी घरबसल्या कशा शोधायच्या आणि कशा वाचायच्या

नॉर्वे, आइसलँड, स्वालबार्ड, ग्रीनलँड, स्कॉटलंडचा उत्तर भाग, कॅनडा, अलास्का, या सगळ्या थंड किनाऱ्यांवर एक वनस्पती सापडते, मर्टेन्सिया मॅरिटिमा. इंग्लिशमध्ये ऑयस्टर प्लांट म्हणतात कारण पान चावलं की कालवांची चव येते. जमिनीलगत पसरते, पानं मांसल आणि निळसर राखाडी, कळी गुलाबी आणि उमललं की फूल निळं. भरतीची रेघ जिथे संपते त्याच्या जरासं वर, गोट्यांमध्ये आणि जाड वाळूत वाढते, आत जमिनीकडे जातच नाही.

हर्बेरियमच्या नोंदी वाचायला शिकायचंय, कुठून सुरू करू असं कोणी विचारलं की मी हीच वनस्पती सांगते, आणि कारण अगदी साधं आहे. ही फक्त किनाऱ्यावर वाढते, त्यामुळे नकाशावरचा ठिपका जर डोंगरात तीस किलोमीटर आत असेल किंवा भर समुद्रात असेल तर तो चुकलाय हे तुम्हाला लगेच दिसतं, त्यासाठी तज्ञ असायची गरज नाही. जंगलातल्या एखाद्या झाडाचा ठिपका वीस किलोमीटर सरकला तर कोणाला पत्ता लागत नाही. इथे लागतो. म्हणून शिकायला ही उत्तम, आणि एकदा इथे नजर बसली की मग कुठल्याही वनस्पतीच्या नोंदी तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी बघाल.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हर्बेरियम म्हणजे वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. प्रत्येक शीटवर एक लेबल असतं, कोणी, कुठून, कधी गोळा केलं ते लिहिलेलं. जगात असे तीन हजारांवर संग्रह आहेत आणि त्यांची यादी न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन सांभाळतं, इंडेक्स हर्बेरिओरम नावाने. आपल्याकडे मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. पण ऑयस्टर प्लांटसाठी आपल्याला ऑस्लो, कोपनहेगन, स्टॉकहोम, एडिनबरा, ओटावा असं फिरावं लागतं, आणि आता ते घरी बसून होतं.

आधी प्रश्न ठरवा

हे लोक करत नाहीत, थेट डेटा डाउनलोड करतात आणि मग हजारो ओळींची फाइल बघून बसून राहतात. "ऑयस्टर प्लांट कुठे कुठे सापडतं" हा प्रश्न नाही, त्याचं उत्तर तयार नकाशात आहे. प्रश्न असा हवा की त्यासाठी शीट उघडावीच लागेल. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये ही वनस्पती दक्षिणेकडच्या बऱ्याच जागांवरून गेलीय आणि आता मुख्य जोर स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलँड बेटांवर आहे, मग दक्षिणेकडच्या एखाद्या किनाऱ्यावर ती शेवटची कधी गोळा झाली? किंवा नॉर्वेच्या एकाच फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या लांब खाडीत, शंभर वर्षांत ती कुठल्या कुठल्या छोट्या खाडीत दिसली? किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात गोळा केलेल्या शीट्सवर फूल आहे की फळ? असा एकच प्रश्न घ्या, छोटा घ्या. पहिल्यांदा करताना तर एका देशाच्या बाहेर जाऊच नका.

सगळी नावं गोळा करा, जुनी पण

लिनियसने १७५३ मध्ये हिला नाव दिलं ते पल्मोनेरिया मॅरिटिमा. नंतर १८२१ मध्ये सॅम्युएल ग्रेने तिला मर्टेन्सियात आणलं आणि तेच नाव आज चालतं. वेगवेगळ्या काळात न्यूमेरिया, स्टीनहॅमेरा, लिथोस्पर्मम अशा वेगवेगळ्या जीनसखाली (जवळच्या जातींच्या गटाखाली) पण ती लिहिली गेलीय. मोठे डेटाबेस ही जुनी नावं बहुतेक वेळा आपोआप आजच्या नावाला जोडतात, पण प्रत्येक हर्बेरियमच्या स्वतःच्या साइटवर तसं होईलच असं नाही, तिथे प्रत्येक नाव वेगळं टाकून बघावं लागतं. आशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची झाडं काही जण वेगळी जात मानतात आणि काही जण उपजात, त्यामुळे जपान किंवा रशियाच्या पूर्वेकडच्या नोंदी कधी तुमच्या यादीत येतील कधी नाही. तुमचा प्रश्न अटलांटिकचा असेल तर त्या बाजूला ठेवा, डिलीट करू नका.

लेबलवर कधी कधी फक्त स्थानिक नाव पण सापडतं म्हणून तीही हाताशी असू द्या. नॉर्वेत ओस्टर्सउर्त, स्वीडनमध्ये उस्ट्रोनॉर्ट, डेन्मार्कमध्ये हेस्टेटुंगे, फिनलंडमध्ये हालिक्का, आइसलँडमध्ये ब्लाउलिल्या. मूळ स्पेलिंग विकिपीडियावर त्या त्या भाषेच्या पानावरून कॉपी करून एका नोटमध्ये ठेवा.

जीबीआयएफवर शोधताना

जीबीआयएफ ही २००१ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, ऑफिस कोपनहेगनला, आणि जगभरच्या संस्था तिथे आपल्या नोंदी टाकतात. बघायला अकाउंट लागत नाही, डाउनलोडला लागतं आणि ते फुकट आहे. ऑकरन्सेसमध्ये जा, सायंटिफिक नेममध्ये मर्टेन्सिया मॅरिटिमा टाका, आणि मग डाव्या बाजूला फिल्टर्स दिसतील, त्यात बेसिस ऑफ रेकॉर्डमध्ये प्रिझर्व्ड स्पेसिमेन निवडा. हे महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर मोबाइलवरून काढलेले फोटो आणि फील्डमधली निरीक्षणं सगळं एकत्र येतं. ती निरीक्षणं वाईट नाहीत, पण आपल्याला इथे वस्तू हवीय, जी आज पण कपाटात आहे आणि पुन्हा तपासता येते.

आता एक गोष्ट जी बहुतेक गाइड उलटी सांगतात. "हॅज कोऑर्डिनेट" हा फिल्टर लावू नका. तो लावला की अक्षांश रेखांश नसलेल्या नोंदी गायब होतात, आणि अशा नोंदी कोणाच्या असतात तर सगळ्यात जुन्या शीट्सच्या, ज्यांच्या लेबलवर फक्त गावाचं नाव आहे. म्हणजे जे तुम्हाला खरं हवंय तेच फेकलं जातं. नकाशा जरा रिकामा दिसेल, दिसू दे.

डाउनलोड करताना जे पर्याय मिळतात त्यात आपल्या कामाचे दोन, सिंपल आणि डार्विन कोर आर्काइव्ह. घाईत सगळे सिंपल घेतात पण मी आर्काइव्ह घ्या म्हणेन, कारण त्यात व्हर्बेटिम नावाची एक वेगळी फाइल येते, हर्बेरियमने जे जसं पाठवलं तसंच्या तसं. दुसऱ्या फाइलमध्ये जीबीआयएफच्या सिस्टिमने सुधारलेलं असतं आणि दोन्हीत फरक पडतो तिथेच बऱ्याचदा काहीतरी सापडतं. डाउनलोडला एक डीओआय नंबर मिळतो, म्हणजे त्या फाइलचा कायमचा ओळख क्रमांक, तो त्याच दिवशी नोटमध्ये लिहून ठेवा.

फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंग यूटीएफ ८ ठेवा, नाहीतर नॉर्वेजियन आणि आइसलँडिक अक्षरांची पार वाट लागते आणि मग गावं ओळखताच येत नाहीत. दुसरं म्हणजे एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून समजतच नाही, ती साधा टेक्स्ट म्हणून पडून राहते आणि सॉर्ट केलं की क्रम चुकतो. आपल्या अर्ध्या मजेच्या नोंदी तर १९०० च्या आधीच्याच असणार. फाइलमध्ये वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम असतात, त्यावर काम करा.

ठिपका बघून थांबू नका, शीट उघडा

ऑनलाइन डेटात जे दिसतं ते कोणीतरी लेबल वाचून टाइप केलेलं असतं. टाइप करणारा माणूस शेकडो किलोमीटर दूर बसलेला, त्याला ते गाव माहीत नाही, अक्षर शंभर वर्षांपूर्वीचं, त्यात दिवसाला ढीगभर शीट्स उरकायच्या असतात. त्यामुळे जिथे फोटो आहे तिथे फोटो उघडायचाच. फिल्टरमध्ये मीडिया टाइप म्हणून स्टिल इमेज निवडलं की फोटो असलेल्या नोंदी वेगळ्या काढता येतात.

शीटवर आधी सगळी लेबलं मोजा. खाली उजव्या कोपऱ्यात सहसा मूळ लेबल असतं, आणि त्याच्या आसपास नंतरच्या लोकांनी चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या. "लेग." लिहिलं असेल तर पुढे गोळा करणाऱ्याचं नाव, "डेट." असेल तर ओळख पटवणाऱ्याचं, आणि ही दोन माणसं वेगळी असू शकतात, त्यांच्यात पन्नास वर्षांचं अंतर पण असू शकतं. "हर्ब." ने सुरू होणारी छापील ओळ असेल तर ते नाव संग्रहाच्या मालकाचं असतं. एकोणिसाव्या शतकात हौशी लोक एकमेकांशी शीट्सची अदलाबदल करायचे, त्यामुळे मालक त्या किनाऱ्यावर कधी गेलाच नसेल अशी पूर्ण शक्यता आहे, आणि डेटात मात्र गोळा करणारा म्हणून त्याचंच नाव चढलेलं सापडतं.

तारखेत महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो, म्हणजे चौदा, मग रोमन सात, मग १८९८, असं. ते वाचायला सोपं आहे. अवघड असतं दोन्ही साधे आकडे असतील तेव्हा, कारण अमेरिकेत महिना आधी आणि युरोपात दिवस आधी. तिथे वनस्पतीचीच मदत घ्या, शीटवर भरपूर फुलं असतील आणि एका वाचनाने तारीख फेब्रुवारीत पडत असेल तर ते वाचन सोडून द्या. डेटात एक जानेवारी ही तारीख दिसली की लगेच संशय घ्यायचा, आर्क्टिकमध्ये जानेवारीत बर्फाखालून कोणी ऑयस्टर प्लांट उपटत नाही, लेबलवर फक्त वर्ष असतं आणि कॉम्प्युटरने बाकीचं भरलेलं असतं. आणि रशियाच्या बाजूच्या, म्हणजे व्हाइट सी आणि मुर्मान्स्ककडच्या जुन्या शीट्स असतील तर तिथे १९१८ पर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं, एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांचा आणि विसाव्यात तेरा दिवसांचा फरक. फुलण्याच्या तारखांवर काम करत असाल तर हे बारा दिवस तुमचा सगळा निष्कर्ष फिरवू शकतात.

शीटवर एखादं कागदी पाकीट चिकटवलेलं असेल तर त्यात गळलेली फळं किंवा फुलं असतात. फोटोत ते बंद दिसतं म्हणून "फळ नाही" असं लिहून टाकू नका, "पाकीट बंद" असं लिहा.

गावांची नावं, इथे खरा वेळ जातो

मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. उत्तरेकडच्या गावांची नावं गेल्या दीडशे वर्षांत इतकी बदललीत की लेबलवरचं गाव आजच्या नकाशात सापडलं नाही तर निराश व्हायचं कारण नाही. ऑस्लो १९२५ पर्यंत क्रिस्टियानिया होतं आणि ते सी ने पण लिहायचे आणि के ने पण. ग्रीनलँडमधलं नूक आधी गोडथॉब, इलुलिसाट आधी याकोब्सहाव्न. कॅनडातलं इक्कालुइट १९८७ पर्यंत फ्रोबिशर बे. आणि डॅनिश लोकांनी १९४८ मध्ये स्पेलिंग बदललं, डबल ए च्या जागी डोक्यावर वर्तुळ असलेलं एकच अक्षर आलं, म्हणजे गोडथॉबसारखं नाव दोन्ही प्रकारे शोधावं लागतं.

किनाऱ्याच्या कामात काही शब्द पाठच करून टाका, सगळीकडे तेच येतात. स्ट्रांड म्हणजे किनारा, ग्रुस म्हणजे खडी गोटे, विक म्हणजे छोटी खाडी, नेस म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक, होल्म म्हणजे लहान बेट. आइसलँडिकमध्ये फियारा आला की भरती ओहोटीचा किनारा. लॅटिनमध्ये लिटोरे दिसलं की किनारा, अरेनोसो दिसलं की वाळूचा.

अंतरांची एक गडबड आहे जी मी मुद्दाम सांगतेय. लेबलवर "गावाच्या उत्तरेला अर्धा मील" असं लिहिलेलं असतं आणि आपण इंग्लिश मैल धरून आठशे मीटर मोजतो. नॉर्वे स्वीडनमध्ये मील म्हणजे आज दहा किलोमीटर. मेट्रिक येण्याआधीचा स्वीडिश मील सुमारे १०.७ किलोमीटर, नॉर्वेचा सुमारे ११.३, आणि डॅनिश मील सुमारे ७.५. म्हणजे नॉर्वे स्वीडनमध्ये अर्धा मील म्हणजे पाच साडेपाच किलोमीटर, आणि तेवढ्यात खाडीच बदलते.

ब्रिटनच्या लेबलांवर वेगळं प्रकरण असतं, तिथे व्हाइस काउंटी नावाची जुनी विभागणी वापरतात, १८५२ मध्ये वॉटसन या वनस्पतीशास्त्रज्ञाने केलेली, तेव्हापासून हद्दी बदलू दिलेल्या नाहीत म्हणूनच ती उपयोगी आहे. १११ म्हणजे ऑर्कनी, ११२ म्हणजे शेटलँड. हा आकडा कलेक्शन नंबर समजून डेटात भरलेला पण सापडू शकतो, तर लक्ष असू द्या.

अक्षांश रेखांश कुठून आले ते विचारा

१८८० च्या शीटवर कोऑर्डिनेट्स लिहिलेले क्वचितच असतात. मग डेटात ते कुठून आले? कोणीतरी नंतर नकाशा बघून टाकलेत, आणि टाकताना काय गृहीत धरलं ते महत्त्वाचं. त्यासाठी कोऑर्डिनेट अनसर्टन्टी नावाचा कॉलम बघा, मीटरमध्ये असतो. ब्रिटनच्या नोंदींत तिथे ७०७१ दिसलं की समजायचं की हा नकाशावरच्या जाळीतल्या दहा किलोमीटरच्या चौकोनाचा मध्यबिंदू आहे, ७०७ असेल तर एक किलोमीटरच्या चौकोनाचा. म्हणून ऑर्कनीत कधी ठिपका शेतात दिसतो कधी समुद्रात, वनस्पती कुठेही गेलेली नाही, चौकोनाचा मध्य तिथे पडलाय एवढंच. असा ठिपका चूक म्हणून काढून टाकायचा नाही, तो आहे तेवढाच जाडा समजून वापरायचा.

खऱ्या चुका वेगळ्या असतात. शून्य अक्षांश शून्य रेखांश, म्हणजे आफ्रिकेजवळचा समुद्र. रेखांशाचं मायनस चिन्ह गळालेलं, मग ग्रीनलँडची नोंद रशियात जाते. देशाच्या बरोब्बर मध्यावर पडलेला ठिपका. किंवा थेट हर्बेरियमच्या इमारतीवर पडलेला, शहरात. जुन्या नकाशांवरून मोजलं असेल तर ग्रिनिचऐवजी कॅनरी बेटांमधल्या फेरो बेटापासून मोजलेले रेखांश असू शकतात, ते सुमारे १७ अंश ४० मिनिटांनी सरकलेले असतात. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असाल तर कोऑर्डिनेट क्लीनर नावाचं पॅकेज यातल्या बऱ्याच चुका पकडतं, पण किनाऱ्याच्या वनस्पतीला ते आंधळेपणाने लावू नका, कारण "समुद्रात पडलेले ठिपके काढ" हा त्यातला एक टेस्ट आहे आणि तो आपल्या चांगल्या नोंदी पण उडवतो. गोट्यांवरची वनस्पती, नकाशातली किनाऱ्याची रेघ जाडीभरडी, ठिपका शंभर मीटर पाण्यात पडणारच.

नकाशा करणार असाल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट दाखवायची पद्धत, बदलून ध्रुवाकडून बघायचं घ्या, ईपीएसजी ३९९५ या नंबरचं चालेल. नेहमीच्या वेब नकाशात उत्तरेकडचे प्रदेश फुगलेले दिसतात आणि स्वालबार्डच्या चार ठिपक्यांमध्ये प्रचंड अंतर आहे असं वाटतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १०६ किलोमीटर, ७० अंश उत्तरेला तो ३८ किलोमीटर, आणि स्वालबार्डला ७८ वर फक्त २३. अंशांत अंतर मोजून "या दोन जागा लांब आहेत" असं म्हणणं तिथे चालत नाही.

एकच गोळा केलेलं, दहा ठिकाणी

कलेक्टर एकाच दिवशी एकाच जागेवरून बरीच रोपं घ्यायचे, शीट्स करायचे आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवायचे. एकाच लग्नाचा फोटो दहा नातेवाइकांच्या घरी असतो म्हणून काही दहा लग्नं झालेली नसतात. पण डेटात त्या दहा ओळी येतात आणि त्या वर्षी वनस्पती फार वाढली होती असं वाटायला लागतं. तारीख, जागा आणि कलेक्टर तिन्ही जुळले की एकच घटना धरा, पण बाकीच्या ओळी ठेवा, कारण एका शीटवरचं लेबल फाटलेलं असेल तर दुसऱ्यावर पूर्ण मिळतं, आणि एकावर फूल असेल तर दुसऱ्यावर फळ.

हे जुळवताना नावांवर विसंबू नका. ग्रीनलँडचं उदाहरण घ्या. मॉर्टेन पोर्सिल्ड यांनी १९०६ मध्ये डिस्को बेटावर आर्क्टिक स्टेशन सुरू केलं. त्यांचे दोन मुलगे आल्फ एर्लिंग आणि रॉबर्ट, दोघं १९२६ पासून अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेत रेनडिअरच्या चराईचा सर्व्हे करत फिरले, आणि आल्फ एर्लिंग पुढे ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात वनस्पतीशास्त्राचे मोठे नाव झाले. डेटात कुठे नुसतंच "पोर्सिल्ड" लिहिलेलं असेल तर हा बाप की मुलगा, ग्रीनलँड की कॅनडा, हे जागा आणि वर्ष बघूनच ठरवायचं. बायोनोमिया नावाची साइट आहे, ती नोंदी नेमक्या माणसाशी जोडते, तिथे पण बघा.

हर्बेरियमचे कोड पण ओळखीचे करून घ्या. ओ म्हणजे ऑस्लो, सी म्हणजे कोपनहेगन, एस म्हणजे स्टॉकहोम, यूपीएस उप्साला, एलडी लुंड, एच हेलसिंकी, ई एडिनबरा, के म्हणजे लंडनचं क्यू उद्यान. कोड आणि बारकोड नंबर मिळून शीटची कायमची ओळख होते, तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला हे दोन हवेतच.

नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही

आइसलँडच्या दक्षिणेला नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सुर्ट्से नावाचं नवं बेट वर आलं. शास्त्रज्ञांनी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर लक्ष ठेवलं. १९६५ मध्ये तिथे पहिलं फुलझाड आलं, समुद्री रॉकेट, पुढच्या वर्षी लाइम ग्रास नावाचं गवत, आणि १९६७ मध्ये आपलं ऑयस्टर प्लांट. उद्रेक थांबला तोच त्या वर्षीच्या जूनमध्ये. हिची फळं खाऱ्या पाण्यावर तरंगतात आणि तरी आतलं बी जिवंत राहतं, म्हणून हे शक्य झालं. कोकणात पुळणीवर मर्यादवेल बघितलीय ना, तिच्या बिया पण अशाच समुद्रातून प्रवास करतात, त्यामुळे ती जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे.

हे मी इथे सांगतेय कारण याचा तुमच्या नोंदींशी थेट संबंध आहे. जी वनस्पती तरंगत येऊन नव्या किनाऱ्यावर रुजू शकते ती एका वर्षी कुठेही एकटी उगवू शकते आणि पुढच्या हिवाळ्यात वादळाने गोटे हलवले की जाऊ शकते. त्यामुळे दक्षिणेकडच्या एखाद्या किनाऱ्यावरून १८७० ची एकच शीट असेल तर "इथे वस्ती होती" असं लिहू नका, "त्या वर्षी इथे होती" असं लिहा. दहा वीस वर्षांच्या अंतराने त्याच जागेवरून तीन चार शीट्स असतील, त्यातल्या एकीवर फळं असतील, तर वस्ती म्हणायला आधार आहे. आणि उलट, १९३० नंतर शीट नाही म्हणजे वनस्पती गेली असंही नाही, कदाचित तिथे जाणारा माणूसच गेला. दक्षिणेकडून ती मागे का सरकली यासाठी बरीच कारणं दिली जातात, मेंढ्या चरतात, माणसं तुडवतात, किनाऱ्यावरचे गोटे उचलून नेले जातात, आणि बी रुजायला थंडी लागते म्हणून तापमान वाढलं त्याचाही संबंध जोडतात. हर्बेरियमच्या नोंदी एकट्या यातलं कारण ठरवू शकत नाहीत, त्या कधी आणि कुठे एवढं सांगतात आणि तेवढं सुद्धा खूप आहे.

माणसं कुठे जायची हे पण बघायला पाहिजे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ मध्ये हुर्टिगरुटेन ही नियमित बोटसेवा सुरू झाली, आणि अशा बोटी जिथे थांबतात तिथे कलेक्टर उतरणार, दोन तास फिरणार आणि परत चढणार, हे उघड आहे. त्यामुळे बंदरांजवळ नोंदी जास्त असणारच. यावर एक साधा उपाय आहे, त्याच काळात त्याच भागातून किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एखाद्या वनस्पतीच्या नोंदी काढा, होंकेन्या पेप्लॉइडीस घ्या, ती तशाच वाळूत आणि गोट्यांत वाढते. एखाद्या दशकात होंकेन्या गोळा होतेय आणि ऑयस्टर प्लांट होत नाहीये तर त्याला काही अर्थ आहे. दोन्ही नाहीत तर तिथे बहुधा कोणी गेलंच नव्हतं.

फुलांच्या तारखा काढायच्या असतील तर

प्रत्येक शीटला तीन खुणा करा, कळी, उमललेलं फूल, फळ, प्रत्येकाला आहे किंवा नाही. टक्के काढायच्या भानगडीत पडू नका, कलेक्टर छान फुललेली फांदीच निवडतो त्यामुळे टक्क्यांना अर्थ राहत नाही. वाळलेल्या शीटवर रंग विश्वासाचा नसतो, गुलाबी की निळं यावरून कळी फूल ठरवू नका, आकारावरून ठरवा. आणि ६० अंशावरची जुलैची शीट आणि ७८ अंशावरची जुलैची शीट एकाच तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करू नका, तिथला उन्हाळाच वेगळा, अक्षांशाचे पट्टे करा आणि पट्ट्याच्या आत बघा.

क्युरेटरला मेल करताना

फोटो नसेल किंवा लेबल वाचता येत नसेल तर सरळ हर्बेरियमच्या क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या माणसाला लिहा. पत्ता इंडेक्स हर्बेरिओरमवर मिळतो. मेल छोटा ठेवा, बारकोड किंवा कॅटलॉग नंबर द्या, एका वाक्यात प्रश्न सांगा, आणि नेमकं काय हवंय ते लिहा, म्हणजे "लेबलचा फोटो मिळेल का" असं. "तुमच्याकडचं या जातीचं सगळं पाठवा" असं लिहिलं तर उत्तराची वाट बघत बसाल. उन्हाळ्यात तिकडची माणसं फील्डवर असतात, जुलै ऑगस्टमध्ये उशीर झाला तर वाईट वाटून घेऊ नका. शीटचा तुकडा डीएनएसाठी मागणं ही वेगळीच पायरी आहे, त्याला रीतसर परवानगी लागते आणि संस्थेच्या नावाने अर्ज लागतो. कधी प्रत्यक्ष जाऊन शीट्स बघायची संधी आली, तिथे किंवा इथे पुण्या मुंबईत, तर जुन्या शीट्सवर किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड हे विष मारलेलं असू शकतं हे विसरू नका, ग्लोव्ह्ज घाला आणि हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

अक्षर वाचायची सवय व्हायला नोट्स फ्रॉम नेचर किंवा डिजीव्होलसारख्या साइट्सवर लेबलं टाइप करायला बसा, घरून होतं, फुकट आहे, आणि ब्रिटनच्या शीट्ससाठी हर्बेरिया युनायटेड आहे. थोडे दिवस केलं की जुनं वळण डोळ्यात बसतं आणि जे आधी नुसत्या रेघोट्या वाटायचं ते गाव म्हणून वाचता येतं.

शेवटचं काम, आणि ते कृपा करून टाळू नका. तुम्ही शीट उघडून बघितली, गाव ओळखलं, चुकलेलं मायनस सापडलं, एक जानेवारीची तारीख खोटी आहे हे कळलं, तर ते तुमच्याच एक्सेलमध्ये ठेवू नका. जीबीआयएफवर फीडबॅकची सोय आहे, नोंदीच्या पानावर डेटा देणाऱ्या संस्थेचा संपर्क पण असतो. बारकोड लिहा, डेटात काय आहे ते लिहा, लेबलवर काय दिसतं ते लिहा, आणि तुम्ही कशावरून म्हणताय, कुठला जुना नकाशा बघितला, ते एका ओळीत लिहा. शक्यता वाटत असेल तर शक्यता म्हणूनच लिहा. सुधारणा झाली की त्या नोंदीच्या समोर तुमच्या फाइलमध्ये तारीख टाका आणि डाउनलोड नवीन घ्या, कारण जुन्या डीओआयच्या फाइलमध्ये ती चूक तशीच राहणार आहे.